मळ्यातली वारी आणि बियाण्याचे फळ

सज्जनहो, गेल्या पंधरवड्यात एका माळकरी बागाईतदाराचे पत्र आम्हांस आले. पत्र दोन पानांचे, अक्षर मातीच्या हाताचे. भीमा आणि सीना यांच्या मधल्या पट्ट्यात त्यांचा अडीच एकरांचा मळा आहे. ते लिहितात, "बुवा, गेली बावीस वर्षे माझी कार्तिकी चुकली नाही. यंदा उत्तरा नक्षत्र निघता निघता एका रात्रीत ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि कांद्याचे रोप वाफ्यासकट वाहून गेले. बी पुन्हा टाकले आहे. रोप लागणीला येईल ते नेमके एकादशीच्या आसपास. पोरगा पुण्याला नोकरीला, मजूर मिळत नाही. घरातली माणसे काय, ती मळ्यातच असतात. वारी करावी तर रोप जून होऊन वाया जाते, लागण करावी तर वारी मोडते. शेजारी म्हणतो, अरे, सावतोबा तरी कुठे गेले होते पंढरीला? तुम्ही सांगाल तसे करीन."

"तुम्ही सांगाल तसे करीन" हे वाक्य वाचून आम्ही दोन दिवस उत्तर लिहिले नाही. दुसऱ्याच्या नेमाविषयी सांगणे सोपे असते, कारण त्यात आपले रोप वाहून गेलेले नसते. शिवाय हा प्रश्न एकट्याचा नाही. ज्या ज्या वर्षी अधिक महिना येऊन कार्तिकी पुढे सरकते, त्या वर्षी निम्म्या वारकऱ्यांच्या घरी हीच ओढाताण असते. म्हणून उत्तर टपालाने न धाडता येथेच लिहितो. मात्र त्याआधी थोडे मळ्यात जाऊन येऊ. मळा न पाहता माळ्याला उपदेश करणारे पुष्कळ आहेत, त्यांत आमची भर नको.

भाद्रपद लागला की मळ्याचे रूप पालटू लागते. आषाढ-श्रावणात सगळे वाढतच असते. वेल मांडवावर धावतो, दोडका-घोसाळी रात्रीत हातभर होतात, गवत तर माळ्याच्या आधी उठते. भाद्रपदात ही धाव मंदावते. दुधीच्या वेलाची बुडखाची पाने पिवळी पडतात, कारल्याची फळे आखूड होऊ लागतात. पहाटे पानांवर दव दिसते. दुपारी मात्र ऊन असे तापते की खुरपणाऱ्या बायांच्या पाठी भाजतात. मग कधी हस्ताचा पाऊस येतो. पूर्वीचे लोक नक्षत्रांवर हिशेब ठेवीत आणि पोरी हत्तीचे चित्र काढून भोवती फेर धरीत. हस्त लागते सप्टेंबरच्या सत्तावीस तारखेच्या सुमारास. हवामान खात्याने २०२० साली मोसमी पाऊस राजस्थानातून परतायला लागण्याची सरासरी तारीख एक सप्टेंबरवरून सतरा सप्टेंबरवर आणली. आमच्या आजोबांच्या वयाच्या माळ्यांना हे ऐकवले असते तर ते म्हणाले असते, हस्ताचे पाणी हस्तातच पडणार, त्यात नवे काय? पण हल्ली त्या पाण्याला हात राहिला नाही, सोंडच राहिली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला आलेल्या पुराने माढा, करमाळा, मोहोळ या बाजूचे मळे पाण्याखाली गेले. ज्याचे रोप वाहून गेले त्याला नक्षत्राचे नाव सांगून काय उपयोग?

या दिवसांत माळ्याचा दिवस कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. मेथी-कोथिंबीर बाजाराला जायची तर ती पहाटे अंधारात उपटून, धुऊन, तिच्या जुड्या बांधाव्या लागतात. ऊन लागले की जुडी मान टाकते. दिवस उजाडता कोणी बाजाराला जातो, मागे राहिलेली माणसे खुरप्याला बसतात. पूर्वी मोट होती तेव्हा निदान बैलांना विश्रांती म्हणून माणसाला विश्रांती मिळे. आता वीज रात्री येते, तेव्हा रात्री बॅटरी घेऊन दारे धरावी लागतात. पाण्यात पाय, पायाखाली साप आहे की काय ही धास्ती. ज्यांनी ठिबक केले आहे त्यांची रात्र वाचली, पण तीही सगळ्यांना परवडत नाही. असो.

एक मौज पाहा. चातुर्मासात देव निजतो असे आपण म्हणतो, आणि माळ्याचा सगळा बाजार त्या निजलेल्या देवाच्या पंचांगावर चालतो. गौरी आल्या की सोळा भाज्यांना मागणी. पितृपंधरवडा आला की गवार, भेंडी, कारले यांना भाव. नवरात्रात रताळी, दसऱ्याला झेंडू, दिवाळीला शेवंती. शेवंतीला तर दिवस लहान होऊ लागले की मगच कळी धरते, तोवर नुसता पाला. आणि याच चार महिन्यांत पुष्कळ माळकऱ्यांच्या घरी कांदा आणि वांगे वर्ज्य. कांदेनवमीला शेवटचा कांदा खाल्ला की पुन्हा तोंडात घालायचा नाही. ज्याच्या शेतात कांदा त्याने तो लावावा, निंदावा, काढावा, तोलून द्यावा आणि आपल्या भाकरीबरोबर मात्र घेऊ नये. शहरातल्या माणसाला उपास म्हणजे दुकानात न जाणे. माळ्याचा नेम तर ढीग समोर ठेवून पाळायचा असतो. आमचे पत्रलेखक बावीस वर्षे हे करीत आले आहेत. तेव्हा ते नेमाला ढिले आहेत असे कोणी समजू नये.

दसऱ्याच्या झेंडूची गोष्ट जाता जाता सांगतो. आमच्या फडातल्या एका तरुण माळकऱ्याने एका साली अर्धा एकर झेंडू केला. नवमीला भाव बरा होता, पण दसऱ्याच्या सकाळी गाड्यांवर गाड्या आल्या आणि दुपारपर्यंत फुलाला कोणी विचारीना. संध्याकाळी उरलेली पोती रस्त्याच्या कडेला ओतून तो घरी आला. आम्ही त्याला धीर द्यायला गेलो, तर तो म्हणाला, "बुवा, ओतताना वाईट वाटले ते पैशाचे नाही. ही फुले देवाला जायची होती, ती चाकाखाली गेली." आम्ही काय बोलणार? कीर्तनात फूल म्हणजे मन, फूल म्हणजे भाव असे दृष्टांत आम्ही भराभर देतो. चाकाखाली गेलेल्या फुलाचा दृष्टांत आम्हांला सुचला नव्हता. त्याला म्हटले, उरलेली झाडे उपटू नकोस, पाडव्याला पाहू. पाडव्याला थोडे निघाले. तेवढेच.

आता तणाविषयी. शेत म्हणजे मन आणि तण म्हणजे विकार, ही उपमा कीर्तनात इतकी घासली गेली आहे की ऐकणारा माळी मनात हसतो. तो हसतो कारण त्याला तण ठाऊक असते. लव्हाळा नुसता वरून ओढला की हातात पाते येते आणि जमिनीत गाठ राहते. एका गाठीला दुसरी गाठ, दुसरीला तिसरी, अशी माळच असते. एक तुटली की उरलेल्या साऱ्या फुटतात. खुरपे खोल घालून गाठ वेचावी लागते, आणि तरी पुढच्या साली लव्हाळा असतोच. इथपर्यंत आमची उपमा टिकते. पण हराळीचे काय? वाफ्यात हराळी आली तर माळी तिला शिव्या देतो. तीच हराळी बांधावर असली तर तिला कोणी हात लावीत नाही, कारण पावसात बांध ती धरून ठेवते. आणि भाद्रपदातल्या चतुर्थीला त्याच हराळीच्या तीन पानांच्या दूर्वा गणपतीच्या मस्तकावर जातात. एकच गवत: वाफ्यात वैरी, बांधावर चाकर, देवापाशी पूजा. एका म्हाताऱ्या माळीणबाईने हे आम्हांला दाखवून दिले आणि वर म्हणाल्या, "बुवा, सगळेच उपटायला सांगत जाऊ नका. कुठे उगवलंय ते आधी बघा." त्या दिवसापासून राग, लोभ, ओढ यांना सरसकट उपटा म्हणून सांगताना आमची जीभ अडखळते. आपल्या पिकाची काळजी हीसुद्धा एक ओढच आहे. ती वाफ्यात उगवली आहे की बांधावर, हे पाहिल्यावाचून आमच्या पत्रलेखकाला "प्रपंचाचा मोह सोडा" असे सांगणे म्हणजे न पाहता खुरपे चालवणे होय.

यापुढचे आम्हांला जास्त महत्त्वाचे वाटते. भाद्रपद-आश्विनात मळ्यात फिरताना मांडवावर एखादा दोडका असा दिसतो की तो तोडायचा राहिला असे वाटावे. जून झालेला, शिरा उठलेल्या, रंग उडालेला. नवखा माणूस तो तोडायला हात घालतो आणि माळीण ओरडते, "अहो, तो बियाण्याचा!" वेलाला लागलेल्या चांगल्या फळांतले एक, सरळ, निरोगी, पाहून ठेवायचे. त्याला दोरा किंवा चिंधी बांधायची म्हणजे कोणी चुकून तोडू नये. भाव कितीही चढो, पितृपक्षात दोडक्याला कितीही गिऱ्हाईक येवो, ते फळ विकायचे नाही. ते वेलावरच वाळते, हलवले की आत खुळखुळते. मग ते उतरवून आढ्याला टांगतात किंवा बी काढून राखेत घोळून ठेवतात. आता विकतच्या बियाण्याची पाकिटे आली आणि पुष्कळ मळ्यांतून ही चिंधी नाहीशी झाली. संकरित वाणाचे बी ठेवून पुढच्या साली तसेच फळ येत नाही, हेही खरे. पण ज्या घरी गावरान वाण आहे तेथे हे अजून पाहायला मिळते.

यातले मर्म असे की बियाण्याचे फळ निवडताना उरलेसुरले चालत नाही. किडके, वाकडे, शेंड्याला उशिरा लागलेले फळ कोणी बियाण्याला ठेवीत नाही. उत्तमांतले ठेवतात आणि त्याची किंमत सोडून देतात. बाजाराच्या हिशेबाने तो तोटाच. पण ज्या वर्षी लोभाने ते फळही विकले, त्या वर्षी पुढच्या मृगाला माळी दुसऱ्याच्या दारात बी मागत फिरतो.

याच जातीचे दुसरे फळ आमच्या संप्रदायाला फार जवळचे आहे. भीमेच्या काठी, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, कडू भोपळ्याचे वेल लावतात. हा भोपळा खायचा नव्हे. त्याला भाजीबाजारात कोणी दमडी देणार नाही. तो वेलावर पुरता वाळू देतात, मग तो मिरजेला जातो, आणि तेथील कारागीर त्याच्या सतारी आणि तंबोरे घडवतात. मिरजेच्या या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्या दिंडीत वीणेकरी छातीशी जी वीणा धरतो तिचा भोपळाही याच कुळातला. आतला गर आणि बी निघून गेल्यावरच तो बोलू लागतो. हे आम्ही उपमा म्हणून सांगत नाही, वाद्य करणाऱ्याला विचारा. आणि ज्या मळ्यात तो वाढला तेथे आजूबाजूची सगळी फळे तोडली, विकली, खाल्ली गेली असतील. हा एकटा उन्हात पडून होता.

आता आमचा मुद्दा ध्यानात आला असेल. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस आपण तोडतो आणि विकतो. वारीचे चार दिवस हे बियाण्याचे फळ आहे. चिंधी बांधून ठेवलेले. वारीला जाणारा माणूस मोकळा असतो म्हणून जातो असे थोडेच आहे? कामाच्या भरात, भावाच्या भरात ते दिवस राखून ठेवले जातात म्हणूनच त्यांना मोल आहे. जो म्हणेल "यंदा भाव चांगला आहे, यंदाचे बियाणे विकू, पुढच्या साली ठेवू", त्याच्या पुढच्या सालालाही काही कारण निघतेच. वारी एकदा मोडली की दुसऱ्यांदा मोडायला कारण लहान पुरते, तिसऱ्यांदा कारणच लागत नाही. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

एवढे लिहून आम्ही पत्राचे उत्तर "जावेच" असे देऊन मोकळे झालो असतो. पण शेजाऱ्याने घेतलेले नाव मध्ये उभे आहे. त्याला ओलांडून जाता येत नाही.

श्रीसावता महाराज अरणचे. अरण हे माढे तालुक्यात, आजच्या सोलापूर जिल्ह्यात. परंपरेप्रमाणे जन्म सन १२५० चा, समाधी १२९५ ची, आषाढ वद्य चतुर्दशीची. म्हणजे माउली आळंदीस समाधिस्थ झाले त्याच्या आदल्या वर्षी. पिता परसोबा, माता नांगिताबाई. त्यांचे अभंग काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले असे सांगतात. आज सदतीसच्या आसपास मिळतात. पंढरी काही फार दूर नव्हे, तरी ते वारीला गेल्याची कथा नाही. कथा आहे ती उलटी: देव नामदेवांपासून लपत अरणला आला, आणि सावतोबांनी खुरप्याने आपले पोट चिरून त्यास आत ठेविले. आजही आषाढीनंतर सावतोबांच्या पुण्यतिथीच्या उत्सवाला पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला जाते. सगळ्या संतांच्या पालख्या देवाकडे येतात, आणि येथे देवाची पालखी एका माळ्याच्या गावी जाते. असा मान संप्रदायाने ज्याला दिला, त्याचे नाव घेऊन शेजारी बोलला तर तो चूक कसा म्हणावा?

शेजारी चूक नाही, अर्धवट आहे. सावतोबा गेले नाहीत एवढेच त्याने धरले. मळ्यात काय चालले होते ते सोडून दिले. त्यांच्या कथेतले खुरपे पाहा. तण काढायचे तेच हत्यार, आणि देवाला जागा करायचेही तेच. त्यांच्या घरी दोन खुरपी नव्हती, एक शेताचे आणि एक परमार्थाचे. ज्याचा सगळा मळाच चिंधी बांधलेला, त्याने वेगळे बियाण्याचे फळ ठेवायचे कोठे? आणि आम्ही? आमचा मळा बाजाराचा, आमचे मन भावाचे, आणि वारीच्या वेळी मात्र आम्ही सावता माळी! घरी राहण्याला सावतोबांची साक्ष काढणाऱ्याने आधी बाकीच्या अकरा महिन्यांची साक्ष द्यावी. हे जरा कडू झाले. पण कारलेही मळ्यातच होते.

येथे २०२० सालाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्या साली साथीमुळे आषाढीला पादुका बसमधून गेल्या. कार्तिकीला पंढरपुरात संचारबंदी, वाळवंट ओस. त्याच साली चौदा ऑक्टोबरला अतिवृष्टीत कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जीव गेले, तेही आपण घरी बसून ऐकले. एका वर्षापुरते आपण सगळेच सावता माळी झालो, मनात असो वा नसो. त्या वर्षी कोणाकोणाचे काय झाले ते आम्ही पाहिले. काही घरी राहिले, पण कोजागिरीपासून काकड्याला रोज उठले, एकादशीला अंगणात तुळशीपुढे उभे राहिले आणि रडले. ते पुढच्या साली वाट मोकळी होताच सर्वांच्या पुढे निघाले. काहींना मात्र असा शोध लागला की घरबसल्याही विठ्ठल भेटतो आणि खर्चही वाचतो. ते अद्याप घरीच आहेत. राहण्याराहण्यांत फरक असतो, तो राहताना दिसत नाही, मागाहून दिसतो.

तर मग आमच्या पत्रलेखकाने काय करावे? रोप दीड महिन्यात लागणीला येते. चार-सहा दिवस थांबवले तर चालते. दहा-बारा दिवस थांबवले तर ते जून होते, मान जाड होते, कांदा नीट पोसत नाही, डेंगळे निघतात. वारीला निघून, पौर्णिमेचा काला घेऊन परत येईपर्यंत तेवढे दिवस होतात. त्या पिकावर घरातल्या पोराचे शिक्षण झाले आहे, पतपेढीचे देणे आहे. हे पीक बुडवून या, असे आम्ही सांगणार नाही. पांडुरंगालाही ते आवडेल असे आम्हांस वाटत नाही. तो विटेवर उभा राहिला तोच पुंडलिकाचे हातचे काम उरकेपर्यंत, हे आपण विसरतो. आणि "राहा" म्हटले तर बावीस वर्षांची चिंधी सुटते.

हे असे दोन दिवस घोळत असता ते पत्र आम्ही पुन्हा काढून वाचले. आणि एका वाक्यापाशी थांबलो. "घरातली माणसे काय, ती मळ्यातच असतात."

बंधो, ही घरातली माणसे कोण? पोरगा पुण्याला. म्हणजे मळ्यात असतात त्या आपल्या घरच्या वहिनी. आपली वारी बावीस वर्षे चुकली नाही असे आपण लिहिले, ते खरे आहे. पण आपण वाळवंटात टाळ धरून उभे होता तेव्हा गुरांची धार कोणी काढली? रात्री वीज आली तेव्हा दारे कोणी धरली? एकादशीच्या पहाटे मेथीच्या जुड्या कोणी बांधल्या? आम्ही आपणांस दोष देण्याकरिता हे विचारीत नाही. आम्हीही तसेच आहो. आमच्या घरीही कोणी मागे राहिले म्हणून आम्ही गावोगाव फिरून निरूपणे केली, आणि परत आल्यावर वाटेच्या गोष्टी ऐकवल्या. त्यांच्या दिवसाचे काय झाले ते क्वचितच विचारले. आपल्या पत्रात वहिनींचे नावही नाही, आणि आमच्या पहिल्या वाचनात ते आमच्याही ध्यानात आले नाही.

सावतोबांचा दाखला शेजाऱ्याने आपणांस दिला. तो दाखला आपल्या घरात बावीस वर्षे चालत आला आहे, पण तो आपला नव्हे. मळ्यात राहून ज्यांनी कार्तिकी केली त्या वहिनी. त्यांना कोणी वारकरी म्हटले नाही, त्यांच्या पाया कोणी पडले नाही. परत आल्यावर आपण गळ्यातली माळ आणि बुक्का त्यांना लावला असेल, तेवढाच त्यांचा प्रसाद.

म्हणून आमचे सांगणे असे. यंदा वारी मोडू नये आणि लागणही थांबवू नये. यंदा कार्तिकीला वहिनींनी जावे आणि आपण मळ्यात राहावे. वारी घराची असते. बाप थकला की लेक जातो, लेक अडला की सून जाते, हे आपल्याकडे जुनेच आहे. त्यात नवे काही आम्ही सांगत नाही. वहिनी नको म्हणतील. म्हणतील, गुरे कोण बघेल, तुम्हांला भाकरी कोण करून घालील, मला सवय नाही. त्यांचे म्हणणे ऐकून घ्या, पण मानू नका. एखादे वेळी खरोखरच त्यांना जायचे नसेल, तर तेही त्यांच्याच तोंडून येऊ द्या, आपण ठरवू नका.

मजूर मिळत नाही म्हणता, तर सावड करा. आपल्या गावी अजून आठ-दहा माळकरी घरे आहेत. ज्यांना यंदा जायचे नाही त्यांना हाक द्या, त्यांच्या लागणीला आपण जा. पूर्वी इर्जिक घालीत तेव्हा दुपारचे जेवण आणि संध्याकाळचे भजन त्यातच असे. लागणीच्या आदल्या दिवशी रोपाचा वाफा भिजवून ठेवा म्हणजे मुळ्या तुटणार नाहीत, हे आपणांस आम्ही सांगावे असे नाही. एकादशीचा दिवस लागणीत आला तर आला. उपास धरा, पहाटे विहिरीवर काकडा म्हणा, आणि मग चार बोटांवर एक रोप लावीत चला. त्या दिवशी कांद्याचा भाव कोणी काढला तर उत्तर देऊ नका. रात्री दारे धरताना एकटे असाल, तेव्हा वाळवंटातला कीर्तनाचा गलका आठवेल आणि जीव कासावीस होईल. तो होऊ द्या. वहिनींचा किती वेळा झाला असेल, ते त्या रात्री कळेल.

वहिनींच्या सोयीची चिंता नको. आमचा फड यंदा दशमीच्या दोन दिवस आधी टेंभुर्णीच्या बाजूने चालत निघेल. बरोबर दहा-बारा बाया आहेत, निम्म्या माळीणीच. अंथरूण, एक लोटा, एक जादा लुगडे एवढे पुरे. थंडी पडू लागलेली असते, म्हणून घोंगडी असावी. चंद्रभागेत पाणी किती असेल ते तेव्हाच कळेल, पण स्नान होईल. पंढरपुरात काशीकापडी समाजाच्या घरी तुळशीच्या माळा होतात. वहिनींना माळ हवी असल्यास तेथून नवी घेऊन देऊ. दर्शनाची रांग लांब असते, तासन्‌तास जातात, पण बाया गप्पांत आणि भजनात ती सहज काढतात, आम्ही पुरुषच कुरकुरतो. आणि त्यांना विचारून ठेवा, तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन चालणे जमेल काय? आमच्या दिंडीत जी आजी आजवर तुळस घेई तिचे गुडघे यंदा धरले आहेत आणि ती म्हणते, डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली कोणी तरी द्या, नवखीची मान टिकत नाही. होकार असेल तर दिवाळीच्या आत दोन ओळी टाका, म्हणजे त्यांचे नाव पडशीत लिहून ठेवतो.

रामकृष्णहरि.